दोन काचांच्या मधला साक्षीदार

रोममधली रात्र. एक अमेरिकन लेखक एकटाच घराकडे निघालाय. रस्त्यापलीकडे एका आर्ट गॅलरीत पांढराशुभ्र उजेड आहे आणि त्या उजेडात दोन माणसांची झटापट चाललीय. एक काळा कोट, एक बाई, मध्ये चमकणारा सुरा. लेखक धावत जातो. गॅलरीला काचेची दोन दारं आहेत. बाहेरचं त्याच्या पाठीमागे बंद होतं, आतलं उघडत नाही. काळा कोट निसटतो. बाई रक्ताळलेला हात पुढे करत फरशीवरून सरपटतेय आणि हा दोन काचांच्या मध्ये उभा. त्याला सगळं दिसतंय, पण आत जाता येत नाही आणि बाहेरही पडता येत नाही.

इटालियन दिग्दर्शक दारिओ आर्जेंतोच्या ‘द बर्ड विथ द क्रिस्टल प्लुमेज’ या 1970 सालच्या पहिल्याच चित्रपटातला हा प्रसंग. तोवर आर्जेंतो रोमच्या ‘पाएझे सेरा’ या दैनिकात चित्रपटांवर लिहीत होता, आणि सेर्जो लेओनेच्या एका वेस्टर्नची कथा रचण्यात त्याचा हात होता. तिशीही न गाठलेल्या माणसाने पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत एका अख्ख्या चित्रपटप्रकाराचं मर्म एका चौकटीत बसवलं, असं मी मानते. तिथून पुढे त्या लेखकाला एकच गोष्ट छळत राहते. आपण जे पाहिलं त्यात काहीतरी चुकीचं होतं. काय, ते आठवत नाही.

हा प्रकार म्हणजे ‘जाल्लो’, इटालियन खून-रहस्याचे चित्रपट. खुनी कोण, हे त्यात असतंच. काळे हातमोजे असतात, रेनकोट असतो, शेवटी मुखवटा उतरतो. पण मला या चित्रपटांनी धरून ठेवलं ते दुसऱ्याच प्रश्नाने: मी नक्की काय पाहिलं?

आपल्याकडे वाचनालयातून आणलेल्या रहस्यकथांवर जी पिढी वाढली, तिच्या मनात गुप्तहेराची एक पक्की प्रतिमा आहे. त्याला सगळं दिसतं. बुटाची माती, विझलेली काडी, थांबलेलं घड्याळ. पोलीस चुकतात, तो चुकत नाही. जाल्लोत असा माणूसच नाही. तिथला नायक बहुतेकदा परका असतो. शहर त्याचं नाही, भाषा त्याची नाही. तो लेखक असतो, वादक असतो, कधी सुट्टीवर आलेली मुलगी असते. चुकून डोळ्यांसमोर काहीतरी घडलं, एवढंच त्याचं गुन्ह्याशी नातं. आणि खरा पुरावा त्याच्या स्वतःच्या आठवणीत अडकलेला असतो.

या प्रकाराचं नाव पुस्तकांवरून आलं. मिलानच्या मोंदादोरी प्रकाशनाने 1929 साली गुन्हेगारी कादंबऱ्यांची एक माला काढली, पिवळ्या मुखपृष्ठांची. जाल्लो म्हणजे पिवळा. सुरुवातीला बहुतेक इंग्रजीतून आणलेली भाषांतरं होती. मुसोलिनीच्या राजवटीला हे साहित्य फारसं रुचलं नाही, कारण सुव्यवस्थित फॅसिस्ट इटलीत खून होतात आणि ते पचतातही, ही कल्पनाच अडचणीची होती. 1941 साली ती माला बंद पाडली गेली. आउगुस्तो दे आंजेलिस हा अस्सल इटालियन रहस्यकथा लिहिणारा पत्रकार. त्याचा इन्स्पेक्टर दे व्हिन्चेन्झी मिलानच्या धुक्यात फिरणारा, पुस्तकं वाचणारा माणूस. दे आंजेलिसला राजवटीविरुद्ध लिहिल्याबद्दल तुरुंगात टाकलं. सुटल्यावर एका फॅसिस्टाने त्याला बेदम मारलं आणि त्यात तो 1944 साली गेला. पिवळ्या पुस्तकांच्या कौतुकात त्याचं नाव मागे पडतं, ते मला सलतं.

पडद्यावर हा प्रकार आणला मारिओ बावाने. सानरेमोत जन्मलेला, मूळचा कॅमेरामन. वडील शिल्पकार आणि मूकपटांच्या काळात ट्रिक फोटोग्राफी करणारे. 1963 सालच्या ‘द गर्ल हू न्यू टू मच’मध्ये एक अमेरिकन तरुणी विमानात रहस्यकथा वाचत रोमला उतरते, आणि त्याच रात्री स्पॅनिश स्टेप्सवर तिच्या डोळ्यांदेखत एका बाईचा खून होतो. सकाळी तिथे प्रेत नाही, रक्त नाही. डॉक्टरांना वाटतं ही प्यायलेली होती. पोलिसांना वाटतं पुस्तकं वाचून हिचं डोकं फिरलंय. म्हणजे या प्रकाराच्या पहिल्याच चित्रपटात साक्षीदार आहे, ती बाई आहे आणि तिच्यावर कुणाचा विश्वास नाही.

पुढच्याच वर्षी बावाने ‘ब्लड अँड ब्लॅक लेस’ केला. एक फॅशन हाउस, एका मृत मॉडेलची डायरी आणि चेहरा नसलेला, पांढरं कापड गुंडाळलेला खुनी. पैसे इतके कमी की कॅमेरा सरकवायला ट्रॉली नव्हती. लहान मुलांच्या खेळण्यातली गाडी वापरून बावाने ते शॉट घेतले. तरी त्या चित्रपटातला उजेड पाहावा. जुन्या वस्तूंच्या दुकानात एक मुलगी अंधारात चालतेय आणि बाहेरची निऑनची पाटी पेटते-विझते, तसे चिलखत, पुतळे, आरसे कधी जांभळे तर कधी हिरवे होतात. तिथे नेमकं काय हललं हे सांगता येत नाही. दृश्य जितकं देखणं, तितकं त्यावर भरवसा ठेवणं कठीण. पुढच्या जाल्लो दिग्दर्शकांनी बावाकडून हेच उचललं.

आता थोडं चित्रपटाबाहेर जाते, कारण या कथा ज्या देशात घडत होत्या त्या देशात तेव्हा काय चाललं होतं हे कळल्यावर माझं त्यांच्याकडे बघणं बदललं.

12 डिसेंबर 1969. मिलानच्या पियात्सा फोंताना चौकातल्या शेतकी बँकेत बॉम्ब फुटला. 17 माणसं गेली, ऐंशीहून जास्त जखमी झाली. पोलिसांनी लगेच डाव्या अराजकवाद्यांची धरपकड केली. त्यातला एक रेल्वे कामगार, जुझेप्पे पिनेल्ली, तीन दिवसांनी पोलीस मुख्यालयाच्या चौथ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पडून मेला. दुसरा पिएत्रो व्हाल्प्रेदा, पेशाने नर्तक. त्याच्याविरुद्ध मुख्य पुरावा होता एका टॅक्सीवाल्याचा. कोर्नेलियो रोलांदी म्हणाला, बॅग घेतलेल्या एका माणसाला मी त्या दिवशी बँकेपाशी सोडलं. ओळखपरेडीत त्याने व्हाल्प्रेदाकडे बोट दाखवलं. पण परेडीच्या आधीच त्याला व्हाल्प्रेदाचा फोटो दाखवलेला होता. रोलांदी 1971 साली वारला. व्हाल्प्रेदा तीन वर्षं तुरुंगात राहिला आणि निर्दोष ठरायला त्याला ऐंशीचं दशक उजाडलं. 2005 साली इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बॉम्बमागे नवफॅसिस्ट गट होता. पण ज्यांची नावं पुढे आली ते आधीच सुटलेले असल्याने त्यांच्यावर पुन्हा खटला चालवता येत नव्हता.

आर्जेंतोचा चित्रपट फेब्रुवारी 1970मध्ये लागला, स्फोटानंतर दोन महिन्यांनी. तो घडत होता त्याच्या आधीपासून, तेव्हा त्याने हे मनात धरून केलं असं मी म्हणणार नाही. पण थिएटरात बसलेल्या माणसांच्या डोक्यात काय असेल याचा विचार करते. रोज पेपरात एक टॅक्सीवाला, एक चेहरा, ‘हाच तो’. आणि पडद्यावर एक माणूस, जो प्रामाणिक आहे, ज्याचे डोळे शाबूत आहेत, जो कुणाकडून पैसे खात नाही, तरी त्याने पाहिलेलं खोटं आहे. गॅलरीत सुरा काळ्या कोटाच्या हातात नव्हता. तो त्या बाईच्या हातात होता. नवरा तिला अडवत होता. कोट काळा आणि बाई पांढऱ्या कपड्यात, एवढ्यावर मनाने निकाल देऊन टाकला. डोळ्यांनी बरोबर टिपलेलं मनाने परस्पर दुरुस्त केलं.

मी शेवट सांगून टाकला, मुद्दाम. शेवट माहीत असूनही हा चित्रपट कमी होत नाही. उलट दुसऱ्यांदा बघताना तो प्रसंग अंगावर येतो, कारण सुरा नेमका कुठे आहे हे आपल्यालाही दिसलेलं होतं. आपणही त्या काचेतूनच बघत होतो.

याच चित्रपटात एक सुंदर उपकथा आहे, आवाजाची. खुनी फोन करतो, पोलीस ते फोन टेप करतात. पार्श्वभूमीला एक करकर ऐकू येते, ती कशाची हे कुणाला कळत नाही. नायकाचा एक मित्र ती पुन्हा पुन्हा ऐकतो आणि ओळखतो: हा एका दुर्मीळ पक्ष्याचा आवाज आहे. रोमच्या प्राणिसंग्रहालयात तो पक्षी आहे, म्हणजे फोन त्याच्या शेजारच्या घरातून झालाय. चित्रपटात त्या पक्ष्याला खोटं लॅटिन नाव आणि थंड प्रदेशातलं गाव दिलंय. पडद्यावर दिसतो तो मात्र आफ्रिकेतला करडा मुकुटधारी क्रौंच. मला त्याचं काही वाटत नाही. डोळा चकतो तिथे कान वाट दाखवतो, हे जास्त महत्त्वाचं.

इटालियन सिनेमात तेव्हा चित्रीकरणाच्या वेळचा आवाज सहसा वापरत नसत. बहुतेक सगळं नंतर स्टुडिओत डब व्हायचं. सेटवर अमेरिकन नट इंग्रजीत बोलतोय, इटालियन नटी इटालियनमध्ये, जर्मन पाहुणा जर्मनमध्ये, असं चालायचं. त्यामुळे या चित्रपटांत आवाज माणसापासून किंचित सुटलेला असतो. अनेकांना ते खटकतं, मला तिथेच भीती वाटते. फोनवरच्या कुजबुजीत बाई की पुरुष, म्हातारं की तरुण, काही कळत नाही. त्यात ‘बर्ड’ला एन्नियो मोरिकोनेचं संगीत. खुनाच्या चित्रपटाला त्याने एद्दा देल ओर्सोच्या आवाजात बालगीतासारखी शब्दहीन लकेर दिली. ती ऐकून मला घर आठवतं, आणि त्याच क्षणी त्या घरात कुणीतरी लपलंय असंही वाटतं. व्हित्तोरिओ स्तोरारोचा कॅमेरा आणि हे संगीत, पहिल्या चित्रपटाला एवढं भाग्य फार कमी जणांच्या वाट्याला येतं.

आर्जेंतोचा खरा कळस ‘डीप रेड’, 1975. मार्कस हा इंग्रज पियानोवादक. रात्री चौकात मित्राशी बोलत असताना वरच्या मजल्याच्या खिडकीत एका बाईवर हल्ला होताना त्याला दिसतो. कथा रोमची, पण तो चौक तोरिनोतला पियात्सा सीएलएन आहे. दोन नद्यांच्या नावाचे दोन भव्य दगडी पुतळे, कारंजी, आणि त्यांच्यापुढे ठिपक्याएवढी दोन माणसं. मार्कस वर धावतो. फ्लॅटमध्ये एक लांब बोळ आहे, दोन्ही भिंतींवर चित्रंच चित्रं. तो बोळातून पळत जातो, बाईपर्यंत पोहोचतो, पण ती गेलेली असते. नंतर पोलीस येतात तेव्हा त्याला जाणवतं की बोळातलं एक चित्र आता तिथे नाहीये. उरलेला चित्रपट तो त्या हरवलेल्या चित्राच्या मागे फिरतो.

चित्र नव्हतंच. तो आरसा होता. समोरच्या भिंतीवरच्या विकृत चेहऱ्यांच्या चित्राचं त्यात प्रतिबिंब पडलं होतं, आणि त्या चेहऱ्यांमध्ये एक जिवंत चेहरा होता, कोपऱ्यात अंग चोरून उभ्या असलेल्या खुन्याचा. आणि आर्जेंतोने इथे प्रेक्षकाला जराही फसवलेलं नाही. मार्कस पहिल्यांदा बोळातून पळतो तेव्हा तो चेहरा खरोखर पडद्यावर आहे. क्षणभरच, पण आहे. मी तो शॉट थांबवून पाहिला आणि हातपाय गार पडले. ज्याला मी सजावट समजले होते ते माणूस होतं.

तो चेहरा क्लारा कालामाईचा. 1940च्या दशकातली इटलीची मोठी नायिका, दिग्दर्शक व्हिस्कोंतीच्या पहिल्या चित्रपटात जी होती ती. ‘डीप रेड’मध्ये ती मार्कसच्या मित्राची आई आहे, एकेकाळची नटी, आणि तिच्या घराच्या भिंतीवर कालामाईचेच जुने फोटो लावलेत. मार्कस भेटतो तेव्हा ती त्याला इंजिनिअर समजते. तो सांगतो, मी पियानो वाजवतो. पुन्हा ती इंजिनिअरच म्हणते. पहिल्यांदा बघताना आपण हसतो. म्हातारीचं विसराळूपण समजून आपण तिच्यावरून नजर काढून घेतो. वय झालेल्या बाईकडे कुणी नीट बघत नाही. चित्रपट नेमका त्यावर उभा आहे.

माझ्या मावशीने एकदा माझ्याबरोबर बसून अर्धा चित्रपट पाहिला आणि उठताना विचारलं, “हे असलं का बघतेस गं? बायकांना मारण्यातच सगळं कौतुक दिसतंय.” मी म्हटलं, “मावशी, त्यात वेगळंही खूप आहे.” ती म्हणाली, “असेल. पण मरणारीला इतकं नटवायचं कशाला?”

तिचं खरं आहे. ‘ब्लड अँड ब्लॅक लेस’मध्ये एकामागून एक तरुणी मरतात आणि प्रत्येकीचं मरण मखमलीत गुंडाळून दाखवलंय. खुनाच्या दृश्यांत काळ्या हातमोज्यांतले हात आर्जेंतोचे स्वतःचे असायचे. ही माहिती चाहते कौतुकाने सांगतात, मला ती नेहमीच अस्वस्थ करते. आणि नामवंतांनंतर नकलाकारांची जी रांग लागली, त्यातले बरेच चित्रपट बाईच्या अंगापलीकडे काही पाहतच नाहीत. ते मी सोडून दिले, तुम्हीही सोडा.

पण याच प्रकारात सेर्जो मार्तिनोचा 1971 सालचा ‘द स्ट्रेंज व्हाइस ऑफ मिसेस वॉर्ड’ आहे. एडविज फेनेक त्यात व्हिएन्नात राहणारी राजनैतिक अधिकाऱ्याची बायको. शहरात कुणीतरी बायकांना मारतंय. तिला वाटतं, तो आपला जुना, क्रूर प्रियकर. नवरा म्हणतो, तुझ्या मनाचे खेळ आहेत. नवा मित्र धीर देतो. बघता बघता तिच्या भोवतीचं प्रत्येक दार एकेका पुरुषाने अडवलंय हे लक्षात येतं, आणि ज्यांच्यावर ती विसंबली त्यांनीच मिळून तिला घेरलंय. बाईने पाहिलेलं, तिला वाटलेलं, तिने सांगितलेलं सगळं ‘भास’ म्हणून झटकलं की तिला मारणं किती सोपं होतं, हे त्या चकचकीत चित्रपटाला नीट ठाऊक आहे.

आणि मग लुचो फुल्चीचा 1972 सालचा ‘डोन्ट टॉर्चर अ डकलिंग’. हा शहरातला नाही, दक्षिण इटलीतल्या डोंगरी खेड्यातला. पांढरी घरं, कोरडे उतार आणि खेड्याच्या डोक्यावरून जाणारा नवाकोरा महामार्ग. गावात लहान मुलगे मारले जाताहेत. माचिआरा नावाची एक बाई आहे, गावाबाहेर राहणारी, मंतरतंतर करणारी. फ्लोरिंदा बोल्कानने ही भूमिका जिवाच्या आकांताने केलीय. पोलीस तिला पकडतात, चौकशी करतात आणि निर्दोष म्हणून सोडून देतात. गावाला ते मान्य नाही. दफनभूमीत काही पुरुष तिला गाठतात. गाडीतला रेडिओ मोठ्याने लावतात आणि साखळ्यांनी तिला मारतात. रेडिओवर आधी उडतं गाणं, मग ओर्नेल्ला व्हानोनीच्या आवाजातलं विरहाचं गाणं. ती रक्ताने माखलेली, हातांवर सरपटत डोंगर चढून महामार्गाच्या कडेला येते. सुट्टीवर निघालेली कुटुंबं गाड्यांतून जाताहेत. एक मूल खिडकीतून बघतं. एकही गाडी थांबत नाही.

या प्रसंगात रंगीत उजेड नाही, देखणेपणाही नाही. मावशीला मी हा दाखवायला हवा होता.

आणि हे परक्या मुलखातलं म्हणून मला बाजूला ठेवता येत नाही. सातपुड्यात, नंदुरबारकडे, बाईला डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या बातम्या मी मोठी होताना वाचल्या आहेत, आणि नंतरही. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले, तो 2013 साली आला, त्यांचा पुण्यात खून झाल्यावर. कुणाला करणी करणारा ठरवून छळणं आज त्या कायद्याने गुन्हा आहे. फुल्चीच्या त्या गाड्या आठवल्या की मला वाटतं, साक्षीदार असणं हा जाल्लोतला नुसता डाव नाही. आर्जेंतोच्या माणसाला पाहिलेलं कळत नाही, म्हणून तो झुरतो. फुल्चीच्या माणसांना सगळं कळतं, तरी ते गाडी पुढे नेतात.

पाहायचे तर कुठून सुरू करावं? ‘बर्ड’पासून, मग ‘मिसेस वॉर्ड’, मग फुल्ची. ‘डीप रेड’ मात्र निवडून घ्या. त्याची मूळ इटालियन आवृत्ती साधारण 126 मिनिटांची आहे, परदेशी बाजारात गेली ती वीसेक मिनिटं छाटलेली. कापलं काय, तर बराचसा भाग दारिया निकोलोदीचा, ती साकारत असलेल्या जान्ना या पत्रकार मुलीचा. मोडक्या गाडीतून मार्कसला हिंडवणारी, त्याच्याशी पंजा लढवून जिंकणारी, तपासात त्याच्याइतकीच पुढे असणारी. खून जवळजवळ सगळे ठेवले आणि हसणारी, जिंकणारी बाई तेवढी काढून टाकली. तेव्हा लांब आवृत्तीच बघा, इटालियन आवाजात.